हीट पंपाची ग्रँट साडेसात हजारांची, पण आधी रेडिएटर मोजा

रीडिंगहून एका ताईंनी विचारलं आहे. थोडक्यात त्यांचा प्रश्न असा: १९३० च्या दशकातलं तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर, पंधरा वर्षं जुना गॅसचा कॉम्बी बॉयलर (घरही तापवतो आणि नळालाही लगेच गरम पाणी देतो), वर्षाला साधारण १२,००० युनिट गॅस. हीट पंपाची दोन कोटेशनं आली आहेत. एकात ग्रँट वजा जाता फक्त ५०० पौंड भरायचे, दुसऱ्यात ३,४००. "सरकार दोघांनाही तेवढेच पैसे देणार, मग आम्ही ३,४०० का द्यावेत? आणि ही ग्रँट पुढे कधी परत मागत नाहीत ना?" घरात चौघं, शिवाय साताऱ्याहून आई-बाबा येऊन-जाऊन असतात.

मी गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये हीटिंगचं डिझाइन करतो. त्याआधी पुण्यात एसीच्या धंद्यात होतो. मशीन तेच आहे, फक्त उलटं फिरवलेलं. पुण्यातला स्प्लिट एसी खोलीतली उष्णता काढून बाहेर फेकतो. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करून घरात आणतो आणि रेडिएटरच्या, म्हणजे भिंतीवरच्या पॅनेलांत फिरणाऱ्या, पाण्याला देतो. एक युनिट वीज घातली की तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळते. किती मिळते हे मशीनपेक्षा तुमच्या रेडिएटरवर जास्त ठरतं. त्याकडे येतोच, पण आधी पैशांचं.

तुम्हाला मिळणार आहे ती बॉयलर अपग्रेड स्कीमची ग्रँट. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ पासून चालू आहे. सुरुवातीला हवेवरच्या हीट पंपाला ५,००० पौंड मिळायचे, ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० मिळतात. उत्पन्नाची अट नाही, बँकेत नोकरी करणाऱ्यालाही तेवढेच आणि बस चालवणाऱ्यालाही तेवढेच. अर्ज तुम्ही करायचा नसतो, इन्स्टॉलर, म्हणजे बसवणारी कंपनी, ऑफजेमकडे (सरकारी ऊर्जा नियामकाकडे) करतो. मग ऑफजेमकडून तुम्हाला एक ईमेल येतो, की अमुक कंपनी तुमच्या नावाने अर्ज करते आहे, तुमची संमती आहे का? तिथे होकार द्यायचा. मंजुरी मिळाली की व्हाउचर निघतं, ते तीन महिने चालतं आणि तेवढ्यात काम पूर्ण करायचं. ७,५०० तुमच्या बिलातून वजा होतात आणि कंपनी ते ऑफजेमकडून घेते. तुमच्या खात्यात एक पेनीही येत नाही. तिकडे साताऱ्याला बाबांनी सूर्यघर योजनेत छतावर सोलर बसवलं असेल तर ७८,००० रुपयांची सबसिडी नंतर त्यांच्या खात्यात जमा झाली असेल. इथे तसं नाही, म्हणून "आधी पूर्ण पैसे भरा, ग्रँट आली की परत करतो" असं कोणी म्हणालं तर दार लावून घ्या.

ग्रँट परत मागत नाहीत. हे कर्ज नाही आणि घरावर बोजाही चढत नाही. अर्ज खोटा असेल किंवा काम नियमात बसत नसेल तर गोष्ट वेगळी, पण तो झगडा मुख्यतः कंपनीच्या गळ्यात पडतो, कारण पैसे तिने घेतलेले असतात. म्हणूनच भल्या कंपन्या कागदपत्रांना चिवट असतात. त्यांच्यावर वैतागू नका.

पात्रतेतल्या मोजक्याच गोष्टी तुम्हाला लागू आहेत. घर तुमच्या मालकीचं हवं. भाड्याने दिलेल्या घरालाही मालक म्हणून ग्रँट घेता येते, भाडेकरूला मात्र नाही. ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जा-कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र, दहा वर्षांच्या आतलं हवं. तुमचं 'डी' आहे म्हणता, त्याने काही बिघडत नाही. पूर्वी ईपीसीवर माळ्याच्या किंवा भिंतीतल्या पोकळीच्या इन्सुलेशनची शिफारस असेल तर ते आधी करून घ्यावं लागायचं. मे २०२४ मध्ये ती अट काढली. (अट गेली म्हणून माळा उघडा ठेवू नका. ३०० पौंडांच्या इन्सुलेशनच्या लोकरीने वाचणारी उष्णता पंपाकडून कशाला करून घ्यायची?) जुना बॉयलर पूर्ण काढावा लागतो. थंडीच्या चार दिवसांसाठी राहू दे म्हणून तो कोपऱ्यात ठेवता येत नाही. कंपनी एमसीएस (अशा कामांच्या दर्जाची प्रमाणन योजना) प्रमाणित हवी, तिचं नाव एमसीएसच्या यादीत स्वतः शोधा, तिने दाखवलेल्या स्टिकरवर जाऊ नका.

व्हॅटही शून्य आहे, एप्रिल २०२२ पासून मार्च २०२७ अखेरपर्यंत. पण ते सामान आणि बसवणं एकाच कंपनीकडून घेतलं तरच. आपल्या लोकांना सवय असते, रेडिएटर आपणच दुकानातून स्वस्तात आणून देऊ, तुम्ही फक्त बसवा. तसं केलंत की दुकानात २० टक्के व्हॅट भरलात.

तुमचा भाऊ ग्लासगोला आहे ना, त्याला हे काहीच लागू नाही. स्कॉटलंडची योजना वेगळी, होम एनर्जी स्कॉटलंडची: ७,५०० पर्यंत ग्रँट आणि वर ७,५०० पर्यंत बिनव्याजी कर्ज. गावाकडे किंवा बेटांवर घर असेल तर ग्रँट ९,००० पर्यंत जाते. तिथे अर्ज घरमालकाने स्वतः करायचा आणि लेखी ऑफर हातात आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. घाई केली की पैसे गेले. मला स्कॉटलंडची पद्धत जास्त आवडते, कारण इंग्लंडमध्ये ग्रँटनंतर उरलेले तीन-चार हजार ज्याच्याकडे नाहीत त्याच्यासाठी ७,५०० ही नुसती बातमीच आहे. कमी उत्पन्न असेल तर इंग्लंडात कौन्सिलमार्फत वॉर्म होम्स लोकल ग्रँट असते, घराचं वार्षिक उत्पन्न ३६,००० पौंडांपर्यंत असलं तर तिथे आधी विचारावं. जर्मनीत तर २०२४ पासून ३० टक्के सरसकट, मग जुना बॉयलर लवकर काढला तर वर २० टक्के, आणि उत्पन्न ४०,००० युरोंच्या आत असेल तर आणखी ३० असं जोडत जातात. कमाल ७० टक्के, तेही ३०,००० युरोंच्या खर्चावर. ज्याला गरज जास्त त्याला जास्त. इंग्लंडने सरसकट एकच आकडा ठेवला, सोपा आहे हे खरं.

पण त्या सोपेपणानेच तुमचा गोंधळ झाला आहे. ७,५०० चांगल्या कामालाही मिळतात आणि जेमतेम कामालाही. मग बाजारात कोटेशनं त्या आकड्याभोवती रचली जातात. तुमचं ५०० वालं कोटेशन म्हणजे मूळ ८,००० चं काम आणि ३,४०० वालं १०,९०० चं. फरक २,९०० चा आहे आणि तो कुठे गेला ते तुम्ही पाठवलेल्या दोन कागदांवर चक्क लिहिलेलं आहे. स्वस्तात लिहिलंय: सध्याचे रेडिएटर तसेच, पाण्याचं तापमान ५५ अंश, १५० लिटरची टाकी. महागात: सात रेडिएटर नवे, ४५ अंश, २१० लिटरची टाकी.

गॅसचा बॉयलर रेडिएटरमध्ये ६५-७० अंशांचं पाणी सोडतो, त्यामुळे लहान रेडिएटरही हाताला चटका देतो आणि खोली तापवतो. हीट पंप जितकं कोमट पाणी बनवेल तितकी त्याला वीज कमी लागते. कोमट पाण्याने तेवढीच उष्णता द्यायची तर रेडिएटर मोठा हवा. बाकी सगळी गणितं यातून निघतात.

तुमच्या घराचं मांडून दाखवतो. १२,००० युनिट गॅस, बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरला, तर घराला खरी लागणारी उष्णता १०,२०० युनिट. गॅस ६ पेन्स आणि वीज २६ पेन्स धरतो. तुमच्या बिलावरचे दर घालून हाच हिशेब परत करा. गॅसचा खर्च ७२० पौंड. आता हीट पंपाने ५५ अंशांवर वर्षभराच्या सरासरीत एकाला २.८ दिले तर वीज लागेल ३,६४३ युनिट, म्हणजे ९४७ पौंड. ४५ अंशांवर ३.८ दिले तर २,६८४ युनिट, ६९८ पौंड. म्हणजे स्वस्त कामात तुम्ही गॅसपेक्षा वर्षाला सव्वादोनशे पौंड जास्त भरणार आणि चांगल्या कामात जेमतेम बरोबरीत सुटणार. "हीट पंपाने बिल निम्मं होतं" हे वाक्य कुणी म्हणालं तर तो घरी तेल किंवा जुने इलेक्ट्रिक हीटर असलेल्या माणसाबद्दल बोलतो आहे. तुमच्याकडे गॅस आहे.

खरं सांगायचं तर यावरून ३,४०० वालं कोटेशन डोळे झाकून घ्या असंही मी म्हणणार नाही. दोघांतला फरक वर्षाला साधारण २५० पौंड, २,९०० वसूल व्हायला अकरा-बारा वर्षं. सातही रेडिएटर बदलायची गरज नसते हे मला फोटोवरूनच दिसतंय: जिन्याखालचा आणि बॉक्सरूममधला आहे तसा चालेल, मागच्या बेडरूममध्ये आधीच दुहेरी पॅनेलचा मोठा आहे. बदलायचे आहेत ते हॉलमधले दोन, स्वयंपाकघरातला एक आणि पुढच्या बेडरूममधला एक. चार रेडिएटर, बसवण्यासकट हजार-बाराशे पौंड. तेवढ्यात पाण्याचं तापमान ४८-५० वर येईल आणि सरासरी ३.४ च्या आसपास. मग वीज ३,००० युनिट, ७८० पौंड. स्वस्त कोटेशनपेक्षा वर्षाला १६७ वाचले आणि ते हजार-बाराशे सहा-सात वर्षांत वसूल.

तेव्हा मी तुमच्या जागी असतो तर ५०० वाल्या कंपनीलाच फोन केला असता. स्वस्त म्हणजे लबाड असं नाही. मोठ्या कंपन्या एकसारखी कामं रोज करून खरंच खर्च खाली आणतात. त्यांना म्हणा, खोलीवार उष्णतेचं गणित दाखवा, हे चार रेडिएटर बदला, टाकी मोठी करा आणि पाण्याचं तापमान ५० च्या आत लिहून द्या. खोलीवार गणित त्यांनी केलेलंच नसेल आणि नुसत्या चौरस फुटांवरून ८ किलोवॅटचं मशीन लिहिलं असेल, तर मात्र पुढे बोलू नका. तुमच्या घराची गरज बाहेर उणे दोन असताना माझ्या अंदाजाने साडेसहा किलोवॅट आहे. कॉम्बी ३० किलोवॅटचा होता तो नळाला तत्क्षणी गरम पाणी देण्यासाठी, घर तापवायला नव्हे.

त्या गणिताचा कागद हातात आला की एक ओळ शोधा: खोलीचं गृहीत धरलेलं तापमान. नियमाप्रमाणे बैठकीच्या खोलीला २१ आणि बेडरूमला १८ धरतात. १८ अंशांत इंग्रज माणूस सुखाने झोपतो. तुमचे बाबा दुपारी त्याच खोलीत शाल, कानटोपी आणि दोन मोजे घालून बसतील आणि तुम्हाला काही बोलणार नाहीत. आई-बाबांची खोली २२ ला डिझाइन करा असं आधी सांगा. नंतर थर्मोस्टॅट कितीही फिरवला तरी लहान रेडिएटर ते करू शकत नाही.

दुसरं, टाकी. कॉम्बीच्या घरात गरम पाण्याची टाकीच नसते, आणि पूर्वी ती जिथे असायची त्या एअरिंग कपाटात आपल्याकडे काय असतं ते मला पाठ आहे. दहापैकी चार मराठी घरांत तिथे देवघर निघतं. पाइप जिथे आधीपासून आहेत तिथे टाकी घातली तर दोन-तीनशे पौंड वाचतात, पण देव हलवायचे म्हटलं की सर्व्हे तिथेच थांबतो. हे घरात आधी बोलून घ्या. एका घरी आजींनी मला अर्धा तास उभं केलं आणि शेवटी टाकी गॅरेजमध्ये गेली, पाइप लांबले, वर इन्सुलेशन चढवावं लागलं. त्यांचा निर्णय होता, मी वाद घातला नाही.

१५० लिटर तुम्हाला पुरणार नाही. चौघांना शॉवरचं भागेलही, पण आई-बाबा आले आणि दिवाळी आली की काय होतं ते पाहा. पहाटे पाच ते सातमध्ये सहा अभ्यंगस्नानं, तेल काढायचं म्हणजे पाणीही सढळ. २०० लिटर पाणी १० अंशांवरून ५० वर न्यायला साधारण साडेनऊ युनिट उष्णता लागते. ७ किलोवॅटच्या पंपाला सव्वा-दीड तास. टाकी संपली की चौथ्या माणसाने दीड तास उटणं लावून बसायचं. २१० लिटरची घ्या. आतला इलेक्ट्रिक हीटर त्या एका दिवसापुरता चालू करा, एरवी त्याला हात लावू नका, तो एकाला एकच देतो.

माझीही एक चूक सांगतो. धंद्यात नवा होतो, २०१६ चा हिवाळा. तेव्हा ही ग्रँट नव्हती, आरएचआय होतं: सगळा खर्च घरमालकाने आधी करायचा आणि सरकार सात वर्षं दर तिमाहीला थोडं थोडं देणार. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मी रेडिएटर सगळे मोठे घातले, पण फरशीखालचे ८ मिलिमीटरचे बारीक तांब्याचे पाइप तसेच ठेवले. गालिचे उचलायला नको वाटलं, त्यांनाही आणि मलाही. कोमट पाण्याने तेवढीच उष्णता न्यायची तर पाणी जास्त वाहावं लागतं, आणि त्या सुतळीएवढ्या नळीतून ते वाहीना. मागची खोली जानेवारीत १६ च्या वर जाईना. बाई रोज डायरीत तापमान लिहीत होत्या. ती डायरी त्यांनी माझ्यासमोर ठेवली, रागावल्या नाहीत. शेवटी गालिचे उचललेच आणि पाइप माझ्या खर्चाने बदलले. तेव्हापासून मी कोटेशन देण्याआधी रेडिएटरखाली गुडघे टेकतो आणि पाइपची जाडी मोजतो. तुमच्याकडे सर्व्हेला आलेल्यांपैकी कोण खाली वाकलं होतं ते आठवून बघा.

गॅसची शेगडी ठेवता येईल का, हा प्रश्न तुम्ही शेवटी कंसात विचारलात, पण हिशेबात तो कंसात राहत नाही. ग्रँटसाठी बॉयलर जावा लागतो, शेगडी राहिली तरी चालतं. पण शेगडी राहिली की गॅसचा मीटर राहिला, आणि मीटर राहिला की स्टँडिंग चार्ज, म्हणजे आपल्या महावितरणच्या बिलातला स्थिर आकार, दिवसाला ३० पेन्सच्या आसपास चालूच. वर्षाला शंभराहून जास्त पौंड, ते फक्त फुलका आचेवर फुगवण्यासाठी. वरच्या हिशेबात ७८० विरुद्ध ७२० होते ना? मीटर काढला तर पारडं तुमच्या बाजूला झुकतं. आमच्या घरी शेगडी दोन वर्षं राहिली. मग इंडक्शन आलं. बिडाचा तवा त्यावर उत्तम चालतो, ॲल्युमिनियमची पातेली चालत नाहीत, ती भावजयीला दिली. भाकरी पहिला महिनाभर बिघडली, हे मी मान्य करतो. आता तव्यावरच दुसऱ्या बाजूने फडक्याने दाबून फुगवतात. सासूबाई अजून नाव ठेवतात.

विजेचा दर मी सरळ २६ धरला. हीट पंपासाठी वेगळे टॅरिफ मिळतात, दिवसातल्या ठरावीक तासांत वीज स्वस्त. ते घेतलंत तर हिशेब आणखी बरा होईल, पण कोटेशन देणाऱ्याने आधीच तो स्वस्त दर धरून बचत दाखवली असेल तर त्याला साध्या दराने परत मांडायला लावा.

बाहेरचं युनिट बाजूच्या बोळात बसेल. पूर्वी इंग्लंडमध्ये शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर सोडावं लागायचं, नाहीतर प्लॅनिंगची परवानगी. मे २०२५ मध्ये ती अट गेली. आवाजाची मर्यादा मात्र आहे आणि ती कंपनीने मोजून द्यायची असते. नव्या मशीनमध्ये प्रोपेन वायू असतो, म्हणून खिडकी, दार आणि गटाराच्या झाकणापासून अंतर लागतं. तुमच्या बोळात स्वयंपाकघराचं दार आहे, तिथे टेप लावून बघा. मुख्य फ्यूज ६० अँपिअरचा असेल तर वीजवाहिनीवाल्यांना कळवून तो बदलावा लागेल. ते काम सहसा फुकट होतं, पण तारीख मिळायला वेळ लागतो, आणि व्हाउचरचे तीन महिने त्यात खाल्ले जातात. म्हणून फ्यूजचा फोटो आजच कंपनीला पाठवा.

आगाऊ रक्कम चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि जे द्याल त्याला विमा आहे का ते विचारा.

आणि ऑफजेमचा तो संमतीचा ईमेल. माझ्या गेल्या वर्षीच्या तीन गिऱ्हाइकांचा तो स्पॅममध्ये सापडला. एकाने तर फसवणूक समजून डिलीट केला होता, कारण त्याच आठवड्यात त्याला "सरकारी फुकट हीट पंप" वाल्यांचे चार फोन आले होते. कंपनीने अर्ज टाकला त्याच दिवशी तुम्हाला कळवायला सांगा, म्हणजे कुठल्या ईमेलची वाट बघायची ते समजेल.

जाता जाता: एअरिंग कपाटाची रुंदी, खोली आणि उंची मोजून कळवा, दाराची चौकटसुद्धा. २१० लिटरची टाकी ५५ सेंटिमीटर व्यासाची धरा, वर पाइपांना जागा हवी. देवघर जिन्याच्या वळणावरच्या पूर्वेकडच्या भिंतीला बसेल असं फोटोवरून वाटतंय, पण ते मी ठरवणारा कोण, आईंना विचारा.